टेपचा हूक हलायलाच हवा

॥ श्री ॥

चिपळूण

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

मोजायची टेप बदलून घेऊ नकोस. परवा फोनवर तू "बाबा, तुम्ही दिलेल्या टेपचा हूक लुळा झालाय" म्हणालीस तेव्हा काउंटरवर गिऱ्हाईक उभे होते, म्हणून मी नुसते "बरं, बघू" म्हणून फोन ठेवला. तो हूक लुळा नाही. तो हलायलाच हवा. न हलणाऱ्या हुकाची टेप मी दुकानात ठेवतच नाही.

त्याचे असे आहे. हुकाचा पत्रा एखादा मिलिमीटर जाड असतो. टेबलाच्या कडेला हूक अडकवून टेप ओढलीस तर माप सुरू व्हायला हवे ते पत्र्याच्या आतल्या अंगापासून. खिडकीच्या चौकटीत आतून माप घेताना मात्र तोच हूक तू भिंतीला टेकवून दाबतेस, आणि तिथे माप सुरू व्हायला हवे पत्र्याच्या बाहेरच्या अंगापासून. दोन्हींत फरक पडतो तो बरोबर पत्र्याच्या जाडीएवढा. म्हणून हुकाच्या रिव्हेटची भोके मुद्दाम लांबट पाडलेली असतात. ओढले की हूक तेवढाच पुढे येतो, दाबले की तेवढाच मागे जातो, आणि आतले-बाहेरचे दोन्ही माप बरोबर येते. आमच्याकडचे काही हुशार लोक रिव्हेट हातोडीने ठोकून हूक 'टाइट' करून घेतात आणि मग फळी आखूड पडली म्हणून सुताराशी भांडतात.

हुकाच्या मधोमध जी फट आहे ती खिळ्याच्या डोक्यात अडकवायला. दुसरे टोक धरायला कोणी नसेल तेव्हा एक खिळा अर्धा ठोकायचा आणि टेप ओढत जायचे. तू एकटी आहेस म्हणून सांगतो. डबीवर कुठेतरी बारीक आकडा छापलेला असेल, तो डबीची लांबी. चौकटीच्या आतले माप घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजाने वाचायची नाही. डबीची पाठ समोरच्या बाजूला टेकवायची, पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि त्यात डबीचा आकडा मिळवायचा. पडद्याच्या दांड्यासाठी खिडकी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोज. भाड्याच्या घरातली चौकट सरळ असतेच असे नाही. सुतार 'तीन सूत कमी' म्हणाला तर गोंधळू नकोस, इंचाचे आठ सूत.

एवढे फोनवर सांगता आले नसते. शिवाय मागच्या वेळी तू दुकानाच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड बसवून गेलीस, त्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. त्या कीबोर्डची 'इन्स्क्रिप्ट' नावाची अक्षरांची मांडणी शिका, असे तू म्हणालीस तेव्हा मला वाटले होते की या वयात बोटे काही वळायची नाहीत. पण हे प्रकरण फार व्यवस्थित निघाले. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक सगळी उजव्या हाताला. 'क'वर शिफ्ट दाबला की 'ख', 'ग'वर दाबला की 'घ', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ'. म्हणजे पहिलीत बाईंनी घोकून घेतलेली मुळाक्षरे ज्याला येतात त्याला अर्धा कीबोर्ड आधीच पाठ आहे. 'र'वर शिफ्ट मारला की 'दुसऱ्या'मधला तो वेगळा 'ऱ' येतो. फोनवर हा 'ऱ' शोधताना तुझी आई वैतागते आणि शेवटी 'दुसर्या' लिहून मोकळी होते.

आणखी एक. कीबोर्डवर अक्षरांच्या दोनच बटणांवर बारीक उंचवटा असतो, इंग्रजी एफ आणि जे. डाव्या आणि उजव्या तर्जनीने न बघता आपली जागा ओळखावी म्हणून तो ठेवलेला. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि 'र' येतात. वेलांटीची गंमत अशी की कागदावर ती अक्षराच्या आधी दिसते, पण इथे दाबायची ती अक्षरानंतर, जशी आपण बोलतो तशी. कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसणारे आधी वेलांटी मारायचे आणि मग अक्षर, कारण ते यंत्र दिसण्याच्या क्रमाने चालायचे. हा आराखडा केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली बहुतेक भारतीय लिप्यांसाठी मिळून केला. तेलुगूचा 'क'सुद्धा त्याच बटणावर आहे. तू तेलुगू अक्षरे शिकते आहेस म्हणालीस ना, मग बोटांना नवीन काही शिकवावे लागणार नाही, डोळ्यांनाच तेवढे कष्ट.

आता तुझ्या घराबद्दल. फोटोत स्वयंपाकघराच्या ओट्यावर मला एक एक्स्टेन्शन बोर्ड दिसला आणि त्यावर किटली. ती किटली उलटी करून बुडाची पट्टी वाच. त्यावर वॅट लिहिलेले असतात. १५०० असतील तर २३० ने भाग, साडेसहा अँपिअर येतात. तुझा बोर्ड ६ अँपिअरचा. रोज दोन कप चहाला काही होत नाही असे वाटते, आणि एके दिवशी प्लगचा भाग तपकिरी दिसायला लागतो. किटली, इस्त्री, गिझर, जे जे गरम करते ते १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटला. तिथे वायरही जाड असते, लाइटच्या पॉइंटला दीड स्क्वेअर मिलिमीटर आणि पॉवरला अडीच किंवा चार.

थ्री-पिनचा वरचा पाय लांब आणि जाड का असतो, हे मला एका शाळकरी मुलाने दुकानात विचारले होते. मोठी माणसे विचारत नाहीत. तो अर्थिंगचा पाय. लांब असल्यामुळे प्लग आत जाताना तो आधी टेकतो आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटतो. म्हणजे वीज यंत्रापर्यंत पोचते त्याच्या आधीच यंत्राचे धातूचे अंग जमिनीला जोडलेले असते. चांगल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांना आतून झडपा असतात, त्याही हाच पाय उघडतो, लहान मुलाने दोन भोकांत तार घातली तर आत जाऊ नये म्हणून. आपले लोक काय करतात, तर टू-पिन बसत नाही म्हणून वरच्या भोकात पेन्सिल खुपसून झडप उघडतात. तू करत असशील तर बंद कर. अडॅप्टर वीस-तीस रुपयांना येतो.

तुझ्या मीटरच्या पेटीत एमसीबीच्या, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या, रांगेत एक जरा रुंद स्विच असेल आणि त्यावर 'टी' लिहिलेले छोटे बटण. ते कोणीच कधी दाबत नाही. तू दाब. दाबल्यावर घरातले दिवे गेले तर ठीक, पुन्हा वर कर. गेले नाहीत तर घरमालकाला आजच्या आज कळव. एमसीबी वायरला वाचवतो. माणसाला वाचवतो तो हा, आरसीसीबी. ३० मिलिअँपिअर एवढी वीज भलतीकडे गळाली की तो झटक्यात बंद पडतो. ते बटण आतल्या आत मुद्दाम तेवढी गळती करून त्याची परीक्षा घेते.

मी दिलेला टेस्टर ड्रॉवरमध्येच पडला असेल. त्याच्या पारदर्शक दांड्यात एक निऑनचा इवलासा दिवा आहे आणि त्याच्या मागे मोठ्या रोधाचा रेझिस्टर. वरच्या धातूच्या टोपीला बोट लावल्याशिवाय दिवा लागत नाही, कारण वीज टेस्टरमधून तुझ्या अंगात आणि तिथून जमिनीत जाते, तेव्हाच तो उजळतो. घाबरू नकोस, रेझिस्टरमुळे ती इतकी कमी होते की जाणवतसुद्धा नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. दिवा लागला नाही याचा अर्थ वीज नाही असा लगेच घ्यायचा नाही. आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये टेस्टर लावून तो स्वतः जिवंत आहे का ते बघायचे. आणि कधी घरातले सगळे बंद पडले, पण टेस्टर दोन्ही भोकांत लागतो आहे असे दिसले, तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटली आहे. फेजची, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतली, वीज एखाद्या बटण चालू राहिलेल्या पंख्या-दिव्यातून फिरून दुसऱ्या भोकापर्यंत आलेली असते. असे दिसले की हात मागे आणि वायरमनला फोन. दुकानात येऊन "दोन्हीकडे लाइट आहे तरी पंखा का चालत नाही?" असे विचारणारा महिन्यात एक तरी असतोच.

तुझ्या बेडरूममधला पंखा आवाज करतो म्हणालीस आणि इंटरनेटवर शोधून काही मिळाले नाही म्हणालीस. कसे शोधलेस? 'पंखा आवाज करतो उपाय' असे लिहिलेस तर पंखे विकणारेच येणार. पंखा उतरवायला इलेक्ट्रिशियन बोलाव, बेअरिंग निघाले की त्याच्या कडेवर कोरलेला आकडा वाच. बहुधा ६२०१ किंवा ६२०२ असेल. हे आकडे कुणा कंपनीचे नाहीत, जगभर तेच. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे माप सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचाने गुणायचे. ६२०२ जपानचे घे, पुण्याचे घे, आत १५, बाहेर ३५, जाडी ११. पुढे झेडझेड असेल तर दोन्हीकडे पत्र्याची झाकणे, टूआरएस असेल तर रबराची. तो आकडा जसाच्या तसा शोधायच्या चौकटीत टाक, आणि एखादे लांबलचक मॉडेल असेल तर अवतरणचिन्हांत टाक, म्हणजे 'साधारण तसेच' काहीतरी दाखवत नाही. समोर शंभर पानांचे कॅटलॉग उघडले तर कंट्रोल-एफ दाबून तोच आकडा आत शोध. दुकानातला पोरगा हे शिकला तेव्हापासून माझ्याकडे "साहेब, असलं एक गोल गोल असतं बघा" असे सांगणारे गिऱ्हाईकही रिकाम्या हाताने जात नाही. तो त्यांना आधी विचारतो, त्याच्यावर काय लिहिलंय?

स्वयंपाकाच्या सिलिंडरचेही तसेच. वरच्या कड्याला ज्या उभ्या पट्ट्या धरून असतात त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि दोन अंक रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, अंक वर्षाचे. हे बघून सिलिंडर घे. पण यावर जो मेसेज फिरतो की ही गॅसची 'एक्स्पायरी', ते खोटे आहे. गॅस शिळा होत नाही. ती टाकीची पुढची चाचणी कधी करायची त्याची तारीख असते. दुसऱ्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचे वजन. आणून देणाऱ्याला काट्यावर टांगून दाखव म्हणायला लाजू नकोस. किती शिल्लक आहे ते बघायचे तर ओल्या फडक्याने वरून खाली एक पट्टा पुसून काढ. रिकामा भाग लवकर वाळतो, आत द्रव गॅस आहे तिथपर्यंतचा ओलाच राहतो. गळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनमध्ये ठेव. फोन मात्र घराबाहेर जाऊन कर.

अर्धे खरे आणि अर्धे खोटे असलेले मेसेज मला पूर्ण खोट्यांपेक्षा जास्त त्रास देतात. टूथपेस्टच्या ट्यूबच्या बुडाशी हिरवा चौकोन म्हणजे नैसर्गिक, काळा म्हणजे रसायन, हे पूर्ण खोटे. ती मशीनच्या सेन्सरसाठीची खूण, ट्यूब कुठे कापायची आणि चिकटवायची ते त्याला कळावे म्हणून. ट्यूबच्या रंगावर उठून दिसेल असा कुठलाही रंग चालतो. असले एकदा समजावून सांगितले की संपते. पण बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला, हे बघ. ८९० भारताचा आहे हे खरे. पण तो नंबर इथल्या संस्थेकडून घेतला एवढेच त्याने कळते. माल कुठल्याही देशात बनलेला असू शकतो. कुठे बनला ते बघायचे तर वेष्टनावर तसे लिहिलेले शोधायचे. हे तुझ्या काकाला सांगून दमलो, तो मला ८९० चे फोटो पाठवत राहतो.

बॅटरीचा सेल टेबलावर उभा सोडायचा, उडाला तर संपलेला आणि जागेवर राहिला तर चांगला, असा व्हिडिओ तूच पाठवला होतास. मी काउंटरवर करून बघितले. अल्कलाइन सेल खरेच उडतात. आतली जस्ताची जेल वापरानंतर घट्ट होत जाते म्हणून. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या लोकांनी २०१५ साली यावर नीट प्रयोग केले आणि त्यांना आढळले की सेल अर्धा वापरून झाला की उडी वाढायची थांबते. म्हणजे उडणारा सेल नवा नाही, एवढे नक्की. संपला आहे असे मात्र नाही. घड्याळात तो आणखी खूप चालेल. आणि आपण भिंतीच्या घड्याळात घालतो ते साधे स्वस्त सेल अल्कलाइन नसतातच, त्यांना ही परीक्षा लागू नाही. मीटरवर बघायचे.

त्याच्या उलट रिमोटची युक्ती सोळा आणे खरी. टीव्ही किंवा एसी चालत नसेल तर रिमोटचे तोंड फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाब. डोळ्याला न दिसणारा प्रकाश स्क्रीनवर जांभळट दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात बघ, मागच्यावर बहुतेकदा तो प्रकाश गाळणारी काच असते. दिसला तर रिमोट ठीक, दुखणे एसीत. फोनचा मी सगळ्यांत जास्त उपयोग असाच करतो. काहीही उघडण्याआधी फोटो. नळ, स्विचबोर्ड, मिक्सरचे भांडे, काहीही. कुठली तार कुठे होती हे नंतर आठवत नाही. ते फोटो मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवतो. स्वतःला मेसेज करता येतो हे माहीत नसलेली माणसे अजून आहेत, तुझी आई त्यांतली, ती वाण्याची यादी मला पाठवते आणि मग मलाच विचारते. फॉरवर्डवर दोन बाण दिसले तर तो मेसेज निदान पाच हात फिरून आलेला असतो. २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो, म्हणून काकाला तेवढे कष्ट पडतात. तरी तो पाठवतो.

तू जुना पलंग ऑनलाइन विकायला टाकलास, म्हणून हे जरा सविस्तर. दुकानात यूपीआय आल्यापासून आम्ही एक नियम केला आहे: गिऱ्हाइकाचा स्क्रीन बघायचा नाही, पैसे जमा झाले की बोलणारा काउंटरवरचा डबा बोलला का ते ऐकायचे. हिरवी टिक असलेला फोटो कुणीही बनवतो. सकाळी शटर उघडल्यावर पोरगा आधी आपलाच क्यूआर स्कॅन करतो आणि आपले नाव येते का बघतो, कारण रात्रीत कुणी त्यावर दुसरा कागद चिकटवून गेला तर दिवसभराचा गल्ला त्याच्या खात्यात. पलंगाचे तसेच. विकत घेणारा बघायला न येता लगेच तयार होईल, मी सैन्यात आहे म्हणेल, आणि "हा क्यूआर स्कॅन करा, तुम्हाला पैसे येतील" म्हणून पाठवेल. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत, समोर काहीही लिहिलेले असो. पैसे देतानाही पिन टाकण्याआधी वर जे नाव येते ते मोठ्याने वाचायची सवय लाव. आम्ही काउंटरवर वाचतो, गिऱ्हाइकालाही बरे वाटते. आणि गेलेच पैसे तर लाजत बसू नकोस, त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन कर.

कॉम्प्युटरच्या युक्त्या मी तुला काय सांगणार, पण चुकून बंद केलेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो हे तुला माहीत असून तू मला सांगितले नाहीस, ते मला ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलीने सांगितले. विंडोजचे बटण आणि व्ही दाबले तर आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते, हेही तिनेच; एकदा सेटिंग चालू करावे लागते. माझी कोटेशने आता निम्म्या वेळात होतात. कट-कॉपी-पेस्ट बसवणारा लॅरी टेस्लर नावाचा माणूस २०२० साली गेला. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत त्याने सत्तरच्या दशकात हे केले. रोज इतक्या वेळा त्याचे काम वापरतो आणि नाव कुणाला ठाऊक नाही. यूएसबीच्या मागे तर आपला माणूस. अजय भट्ट, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, पुढे इंटेलमध्ये. १९९६ साली यूएसबी आली. ती पिन पहिल्या वेळी कधीच बसत नाही म्हणून लोक त्यांनाच विचारत. दोन्हीकडून बसणारी केली असती तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असे त्यांनी सांगितले आहे. आडव्या सॉकेटमध्ये पिनवरची त्रिशूळाची खूण वर ठेव, बसते. असली उत्तरे मला आवडतात. बनवणाऱ्याने काय सोडले आणि कशासाठी सोडले ते कळले की वस्तूवरचा राग जातो.

'हॅक' म्हणून जे व्हिडिओ येतात त्यांच्यावर माझा राग आहे तो यासाठीच. लिंबू चोळा, टूथपेस्ट फासा, चमचा उलटा धरा. का, ते कुणी सांगत नाही. चालले तर चालले.

गणपतीला तुम्ही चौघी भाड्याची गाडी करून येणार असे कळले. टायरच्या कडेवर शेवटचे चार अंक एका लांबट चौकटीत असतात: ३५२१ असेल तर २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. फार जुना असेल तर दुसरी गाडी मागा, घाटाचा रस्ता आहे. पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाच्या चित्राशेजारी छोटा बाण असतो, तो ज्या बाजूला त्या बाजूला टाकीचे झाकण. फोर्ड कंपनीतला जिम मॉयलन १९८६ साली पावसात पेट्रोल भरायला गेला, गाडी उलट्या बाजूने लावली, भिजला, आणि परत येऊन त्याने कंपनीला लेखी सूचना केली. पुढे तो बाण जगभर गेला. तुझ्या स्कूटरलाही टायरचे ते चार अंक आहेत, सेकंडहँड घेतलीस तेव्हा बघितले होतेस का?

कुरिअरने नळाचे वॉशर आणि बाहेरच्या ग्रिलसाठी कुलूप पाठवले आहे. कुलपाच्या बुडाशी किल्लीच्या भोकाशेजारी एक बारीक भोक दिसेल. ते पावसाचे पाणी निथळायला, आणि त्यातूनच मशीनचे तेल सोडायला. कुलूप लावताना ते खालीच राहील असे लाव, स्टिकर चिकटवून बुजवू नकोस. किल्ली अडायला लागली तर खोबरेल तेल घालू नकोस, धूळ धरते. पेन्सिलचे शिसे किसून त्याची पूड किल्लीला चोळ आणि दोन-चार वेळा फिरव.

मीटरच्या पेटीचा फोटो पाठव, झाकण उघडून, सगळे आकडे दिसतील असा. मग गिझर कुठला घ्यायचा ते सांगतो.

तुझा,
बाबा

ता. क. : आई म्हणते, कुकरची शिट्टी होण्याआधी कडेने वाफ जाते म्हणजे गास्केट सैल झाली आहे. तोवर वापरण्याआधी थोडा वेळ थंड पाण्यात ठेवत जा, दोन-चार दिवस निभावेल. कुकर किती लिटरचा आणि झाकण आतून बसते की बाहेरून, ते बुडाशी आणि झाकणावर बघून कळव. वॉशरच्या पार्सलमध्ये टाकणार होतो, पण माप माहीत नाही.